फुल फ्रेम कॅमेरा घ्यायलाच हवा का?

मे महिना आला की पावस, गोळप, गावखडी या पट्ट्यात निकाहच्या तारखा एकामागून एक लागतात. आखातातले नोकरदार सुट्टीवर आलेले असतात, मंडप रात्री उशिरापर्यंत उजळलेले असतात. याच गडबडीत आमची एक माजी विद्यार्थिनी तिच्या अब्बांना घेऊन आमच्याकडे आली. बायकांच्या बाजूचे फोटो बाईनेच काढावेत, असं आपल्या अनेक घरांना वाटतं. तिला अशी दोन कामं मिळालीही होती. पण कुणीतरी तिला ऐकवलं, "फुल फ्रेम नसेल तर प्रोफेशनल म्हणवून घेऊ नकोस." कॅमेरा आणि लेन्स मिळून हिशेब दोन लाखांवर जात होता. हप्त्यावर घ्यायचं तर व्याज आलं, आणि अब्बांना सूद नको. त्यांनी सरळ विचारलं, "सर, हा सेन्सर एवढा महत्त्वाचा असतो का?"

असतो, पण प्रत्येक ठिकाणी नाही.

पूर्वी कॅमेऱ्यात फिल्म असायची, त्या जागी आता सेन्सर असतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. हे माप जुन्या ३५ मिमी फिल्मवरून आलं, 'फुल' हे नावही तिथूनच. क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ चा, कॅननचा थोडा आणखी लहान. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम सुमारे २.३५ पट मोठा.

मोठ्या सेन्सरचा फायदा समजायला आपला पाऊसच पुरे. पहिली तुरळक सर येते तेव्हा अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवून बघा. वाटीत कधी दोन थेंब पडतील, कधी सात. त्यावरून पाऊस किती आहे हे नीट सांगता येणार नाही. परातीत मात्र खूप थेंब पडतात, अंदाज बरोबर येतो. उजेडही असाच थेंबाथेंबाने येतो. कमी उजेडात लहान सेन्सरचा अंदाज चुकत राहतो आणि फोटोत ते दाणेदार कण दिसतात, ज्याला फोटोग्राफर 'नॉइज' म्हणतात. धो धो पाऊस असेल तर वाटी काय आणि परात काय! म्हणजे दिवसाढवळ्या मंडपात काढलेल्या दोन फोटोंत फरक शोधायला बसावं लागतं.

पण उजेड आत सोडते ती लेन्स, आणि नेमकी इथेच आपली मुलं फसतात. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५० मिमीच्या आसपास एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमीची साधी प्राइम लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. एफचा आकडा लहान तेवढं तोंड मोठं, आणि उजेडाचा हिशेब या आकड्याच्या वर्गाने होतो. म्हणजे जवळजवळ दहापट उजेड! ही लेन्स पंधरा-वीस हजारांच्या आत मिळते. आता दुसरा हिशेब. फुल फ्रेमवर एफ ४ ची झूम लावली आणि क्रॉपवर एफ १.८ ची प्राइम, तर त्याच शटरला क्रॉपच्या सेन्सरला एकूण उजेड दुपटीहून थोडा जास्तच मिळतो. अर्थात फुल फ्रेमवरही १.८ लावली तर तोच पुढे जाणार, यात वाद नाही.

अल्बमचं म्हणाल तर १२ बाय १८ इंचाचं पान उत्तम छापायला १९-२० मेगापिक्सेल पुरतात. आजचे साधे क्रॉप कॅमेरेही २४ चे असतात. आणि तीन रांगांचा खानदानी ग्रुप फोटो काढताना मागचे चेहरे धूसर होऊ नयेत म्हणून लेन्सचं तोंड बारीकच करावं लागतं. तिथे मोठ्या सेन्सरची ती सुंदर धूसर पार्श्वभूमी काय कामाची?

क्रॉपवर व्यावसायिक काम होत नाही म्हणणाऱ्यांनी निकॉनकडे बघावं. त्यांचा डी १ हा बातमीदारांसाठीचा कॅमेरा १९९९ मध्ये आला तो क्रॉप सेन्सरचा. निकॉनचा पहिला फुल फ्रेम, डी ३, २००७ मध्ये आला. मधली आठ वर्षं निकॉनच्या डिजिटलवर काम करणारे क्रॉपवरच पोट भरत होते. पक्ष्यांच्या किंवा क्रिकेटच्या फोटोंना तर क्रॉप सोयीचा पडतो, कारण २०० मिमीची लेन्स ३०० सारखी जवळ दाखवते.

मग फुल फ्रेम कुणाला? ज्यांना कायम फ्लॅशशिवाय काम करायचं आहे त्यांना. मस्जिदीत खुतबा चालू असताना फ्लॅश उडवणं आम्हाला तरी बरं दिसत नाही. जुन्या कोकणी घराच्या माजघरात एका ट्यूबलाइटखाली मेहंदी चालते, तिथेही फरक कळतो. मोठ्या जाहिराती छापणाऱ्यांनाही तो लागतो. अशी कामं महिन्याला चार-पाच यायला लागली की घ्यावा. तोवर मोठ्या शहरांत दिवसाच्या भाड्याने मिळतो.

तिला आम्ही सेन्सरपेक्षा दोन गोष्टी जास्त बजावल्या. एक, शक्यतो दोन कार्ड बसणारा कॅमेरा घे. एक कार्ड बिघडलं तर निकाह पुन्हा होत नाही. दुसरी, बायकांचे फोटो ही अमानत आहे. कार्ड दुकानात कुणाच्या हाती द्यायचं नाही, अल्बमची निवड स्वतः बसून करायची आणि विचारल्याशिवाय एकही फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. आपल्याकडची घरं कॅमेऱ्याचं नाव विचारत नाहीत, हे विचारतात.

शेवटी अब्बांनी रोखीने वापरलेला क्रॉप कॅमेरा, नवी ५० मिमी आणि एक फ्लॅश घेऊन दिला. आता पावसाळ्याआधी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलची पाकिटं आणायची राहिलीत. आपल्या दमट हवेत कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते, मग ती वीस हजारांची असो की दोन लाखांची.