पूजेच्या रात्रीचा तिसरा पिक्चर

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीजवळच्या आरे-वारेकडच्या वाड्यांमध्ये सत्यनारायणाची पूजा म्हटली की रात्री व्हिडिओ आलाच. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटी भाड्याने आणायच्या, मांडवात टेबलावर मांडायच्या. क्रम ठरलेला: आधी देवाचा पिक्चर, मग मारामारीचा, आणि लहान पोरं पेंगुळली की भुताचा. भुताचा म्हणजे बहुतेक वेळा रामसे बंधूंचा.

व्हिडिओवाल्याचं काम मी जवळ बसून बघायचो. कॅसेट गावोगाव फिरून झिजलेली, पडद्यावर नुसत्या मुंग्या. तो मशीनचं झाकण काढायचा, स्पिरिटचं फडकं बोटाला गुंडाळून हेडवरून अगदी हलक्या हाताने फिरवायचा, मग ट्रॅकिंगचं बटण तसूतसूने सरकवत चित्र जागेवर आणायचा. भुताच्या पिक्चरला ही खटपट जास्त, कारण निम्मा पिक्चर अंधारात.

‘पुराना मंदिर’ (1984) तिथेच पाहिला, आणि पिक्चरइतकंच माणसांकडेही पाहिलं. जगदीपचा ‘शोले’छाप डाकू आला की बापे उठून विडी ओढायला जात. गाणं लागलं की चहा. पण हवेलीतला निळा उजेड, धूर, करकरणारं दार आणि सामरी सैतानाचं मुंडकं बंद असलेली ती पेटी आली की विडीवाले मांडवाच्या कडेला थबकायचे. आत यायचे नाहीत, जायचेही नाहीत. मग अनिरुद्ध अगरवालचा सामरी पुरता उजेडात आला की पोरंसुद्धा खिदळायची. भीती होती ती तो दिसेपर्यंतच.

हे असं का व्हायचं, ते या पिक्चरांच्या घडणीत आहे. सात रामसे भावांचा हा घरचा कारखाना. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करत, गंगूकडे कॅमेरा, किरणकडे आवाज, अर्जुनकडे संकलन. ‘दो गज ज़मीन के नीचे’ (1972) साठी सगळं बिऱ्हाड बसने महाबळेश्वरला गेलं आणि सरकारी विश्रामगृहात राहून शूटिंग उरकलं. सेटला पैसे नाहीत म्हणून खऱ्या जुन्या वास्तू, दिवे थोडे म्हणून भरपूर काळोख. त्या काटकसरीतून खरी धास्ती तयार झाली. पण पिक्चर विकायचा तर नाच, विनोद आणि मारामारी हवीच, म्हणून मध्ये ठिगळं लागली. चांगलं आणि टाकाऊ एकाच रिळात बसलं ते असं.

आरे-वारेच्या माणसांना भूत नवं नव्हतं. इथल्या भुतांना पत्ता असतो: अमक्या वडावरचा मुंजा, तमक्या खाडीतला गिऱ्हा. नारळ दिला की भागतं. सामरीला नारळ चालत नाही, त्यामुळे तो परकाच राहिला. तरी पिक्चर संपल्यावर सुरूच्या बनाजवळून घरी जाताना बाया-बापे एकमेकांना धरून चालत. समुद्राची गाज आणि सुरूंमधला वारा पार्श्वसंगीताचं उरलेलं काम पुरं करायचा.

या पिक्चरांना भंगार म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, आणि त्यांना थोर म्हणणंही खोटं आहे. त्यांत वीसेक मिनिटं अस्सल असतात, आणि तेवढ्यांसाठी ते बघावेत. मोबाइलवर एकट्याने मात्र नको. चारजण जमवा, दिवे घालवा, आवाज मोठा ठेवा, आणि डाकू आला की खुशाल चहाला उठा.