पिप : पायथनचा कोठावळा

गुइडो व्हान रॉसम यांनीं इ. स. १९९१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पायथन या संगणकभाषेसाठीं अनेकांनीं रचलेलीं साधनें एका सार्वजनिक भांडारांत ठेवलेलीं आहेत. त्यांतून हवें तें साधन, त्याला लागणाऱ्या इतर साहित्यासह, आणून यथास्थान लावणारा कोठावळा म्हणजे पिप. इयन बिकिंग यांनीं तो २००८ मध्यें तयार केला. २०१४ च्या ३.४ या आवृत्तीपासून तो पायथनबरोबरच येऊं लागला. नसलाच तर ‘एन्शुअरपिप’ हा पायथनचाच भाग त्याची स्थापना करतो.

तो अद्ययावत् करतांना मात्र घाई नडते. एका यंत्रावर दोन-तीन पायथन असूं शकतात व प्रत्येकाचा पिप निराळा. म्हणून आज्ञा त्या त्या पायथनमार्फतच द्यावी : ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप’. विंडोजवर तर चालू असलेली पिपची फाईल स्वतःलाच बदलूं शकत नाहीं.

लिनक्सवर धोका याहून मोठा. तेथें यंत्राचीं स्वतःचीं कांहीं कामें पायथनवरच चालतात. मुख्य अधिकार वापरून त्याचें साहित्य बदलल्यास तीं बंद पडूं शकतात. यासाठींच २०२३ मध्यें आलेल्या डेबियन १२ मध्यें पिप अशी ढवळाढवळ नाकारतो. हा नकार डावलण्याची युक्ति आहे. ती योजूं नये. त्याऐवजीं ‘व्हीएन्व्ह’च्या साहाय्यानें प्रत्येक कामाला स्वतंत्र कोठी करून द्यावी. तिच्यांतला पिप खुशाल नवा करावा. कांहीं बिघडलें, तर ती कोठी मोडून दुसरी उभारतां येते. घर शाबूत राहतें.