गुण, उंबरठा आणि आपली मुले

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. गुणांचा आकडा म्हणजेच माणसाची कुवत, असे सांगणाऱ्या प्रस्थापितांनी हा हिशेब मांडून पाहावा.

वस्तीतल्या मुलांचे अर्ज मी भरून देतो. "निकाल लागू द्या, मग बघू," असे घरोघर ऐकतो. इथेच घात होतो. दिल्ली विद्यापीठात २०२१ पर्यंत पदवीचे बहुतेक प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. त्या वर्षी काही अभ्यासक्रमांची पहिली यादी १०० टक्क्यांवर लागली. २०२२ पासून तेथे सामाईक परीक्षा आली. बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते उरले. आयआयटीतही क्रम प्रवेशपरीक्षेवरच लागतो. बारावीला खुल्या वर्गाला ७५ आणि अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के लागतात. तेवढे नसले, तरी आपल्या मंडळात आपल्या प्रवर्गातल्या वरच्या २० टक्क्यांत असणे पुरते. म्हणजे ६६ टक्के मिळवणाऱ्या आपल्या मुलीला दार बंद नाही. पण या परीक्षांचे अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरावे लागतात. निकालाची वाट पाहणारा बाहेरच राहतो.

परीक्षा आली म्हणजे समता आली, असे मी मानत नाही. काल शाळेच्या सोयी गुण मिळवून देत, आज शिकवणीची फी देते. ही लढाई वेगळी, ती लढावीच लागेल. पण उंबरठ्यालाच भिंत समजून मागे फिरणे आपल्याला परवडणारे नाही.