पायाखालचा बर्फ

याकुत्स्कमध्ये १८२८ साली फ्योदर शेर्गिनने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. नऊ वर्षांनी ती ११६ मीटरवर पोचली, तरी खाली जमीन गोठलेलीच. पाणी लागलं नाही. पण १८४०च्या दशकात निसर्गशास्त्रज्ञ मिडेनडॉर्फने याच विहिरीत तापमान मोजलं, आणि सायबेरियाखालच्या कायम गोठलेल्या जमिनीचा, म्हणजे पर्माफ्रॉस्टचा, अभ्यास मार्गी लागला. तिथली घरं कलली, रूळ वाकले की बोल थंडीला लावायची रीत आहे. ती पूर्ण खोटी नाही. जमिनीचा वरचा थर दर हिवाळ्यात गोठून फुगतो आणि उथळ पुरलेल्या खांबाला घट्ट धरून वर उचलतो. मात्र त्याखालची जमीन गोठलेली असेपर्यंत खडकासारखा भार पेलते. तिला मारते ती आपली ऊब : घरातली शेगडी, गरम पाण्याची गळकी नळी, सांडपाणी. म्हणून इथला पाया एकदा घालून विसरायची वस्तू नव्हे. तो रोज राखावा लागतो.

विसाव्या शतकातलं चांगलं बांधकाम याच समजुतीवर उभं राहिलं. नोरिल्स्कला बंदी म्हणून आलेल्या मिखाईल किम या अभियंत्याने गोठलेल्या जमिनीत खोल खांब रोवून त्यांवर इमारती उभ्या करण्याची पद्धत रुजवली. इमारतीखाली मोकळी जागा, तिच्यातून हिवाळी वारा खेळता. अलास्कातली तेलवाहिनी १९७७ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या १,२८७ किलोमीटरपैकी निम्म्याहून जास्त अंतर आधारखांबांवर उचललेलं होतं. त्यांतल्या पुष्कळ खांबांत अमोनिया भरलेल्या नळ्या आहेत : हिवाळ्यात अमोनिया खाली जमिनीची उष्णता घेऊन वाफ होतो, वर थंड हवेत पुन्हा द्रव होतो आणि खाली उतरतो. ना पंप, ना वीज. तेलाच्या पैशाने बांधलेल्या कामात इतकी साधी युक्ती सापडावी, याची गंमत वाटते.

मग २९ मे २०२० रोजी नोरिल्स्कजवळच्या वीजकेंद्राची टाकी खचली आणि सुमारे २१,००० टन डिझेल वाहून गेलं. केंद्राच्या मालक कंपनीने तापलेल्या हवामानाकडे बोट दाखवलं. सरकारी तपासाने टाकीखालच्या खांबांच्या रचनेतले आणि बांधणीतले दोष पुढे आणले. यावर कोणी म्हणेल, हवाच तापतेय तिथे राखणदाराने करायचं काय? आक्षेप वजनदार आहे. जुने हिशेब जमिनीचं तापमान स्थिर धरून केलेले होते, आणि उणे चार अंशांच्या जमिनीत रोवलेला खांब उणे एक अंशावर पुष्कळ कमी भार पेलतो. पण तेवढ्याने तपासाचा निष्कर्ष खोडला जात नाही. तापमानवाढ सगळ्या पायांवर चालून येते. आधी खचतात ते मुळात कच्चे राहिलेले, नाहीतर खालच्या मोकळ्या जागेत सांडपाणी साचू दिलेले. हवामानाची सबब खरी असली तरी अर्धवट आहे, आणि ती पुढे केली की देखभालीचा जाब कोणी विचारत नाही. हे म्हणतानाच एक मर्यादा मानावी लागते : त्या अमोनियाच्या नळ्या जमिनीपेक्षा हवा थंड असेल तेव्हाच चालतात. हिवाळा आखडला की त्यांचे कामाचे दिवसही आखडतात.