तहकूब सभेचे गाव

ग्रामसभेला किती माणसे हवीत? आपला कायदा सांगतो, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी. शंभर म्हणजे काही फार नव्हेत. लग्नाच्या पहिल्याच पंगतीला तेवढी बसतात. तरीही कितीतरी सभा गणपूर्तीअभावी तहकूब होतात. आणि खरी गंमत पुढेच आहे. तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट उरत नाही! मग सरपंच आणि चार-दोन मंडळी चहा पिता पिता ठराव उरकतात. सगळे कायद्याला धरून. फक्त गाव तेवढे जागेवर नसते.

ऐंशीच्या दशकात मी बँकेच्या एका ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जप्रकरणे टेबलावर यायची. कुणाला म्हैस, कुणाला शिलाई मशीन. लाभार्थी ग्रामसभेने निवडावेत असा दंडक होता. तसा ठराव जोडलेला असे, खाली सह्या आणि अंगठे. एका म्हातारीला सहज विचारले, "आजी, सभेला होता ना तुम्ही?"

"कसली सभा, सायेब? पोरगं आलं न् शाई लावून गेलं."

प्रकरण मी परत पाठवले. महिन्याभराने ते आणखी चार अंगठे घेऊन हजर झाले.

पुढे ७३वी घटनादुरुस्ती आली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. पण २४३-अ कलम नीट वाचावे. ग्रामसभेला अधिकार कोणते, हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचे! घर नावावर झाले, किल्ली मात्र मुंबईत राहिली.

किल्ली मागून घेणारी गावेही आहेत. गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचे जरी पटले नाही तरी बोलणे पुढच्या बैठकीत चालू. वेळ लागतो, हे खरे. त्याआधी अभ्यासगटात विषयाचा कीस पाडला जातो. अभ्यासगटाने फक्त अभ्यास करायचा, निर्णय गावाचा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याची वही ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडले, आणि ती द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले.

मेंढ्याचे कौतुक आपण फार करतो. तिथे जे आहे ते इतर गावांच्या कायद्यातही पुष्कळ आहे. मुख्य ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, अशी तरतूद महाराष्ट्रात आहे. कित्येक गावांत ती भर दुपारी ठेवतात. तेव्हा बायका रानात खुरपणीला असतात.