गाठीचे शेजारी

मेंदू म्हटला की आपल्याला चेतापेशी आठवतात. पाठ्यपुस्तकातील आकृतीही बहुधा त्यांचीच असते. परंतु मेंदूत चेतापेशींच्या जोडीला साधारण तितक्याच संख्येने दुसऱ्या पेशीही असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरखो यांना त्या चेतापेशींना एकत्र धरून ठेवणाऱ्या सरसासारख्या वाटल्या. म्हणून त्यांनी त्यांना सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'ग्लिया' हे नाव दिले.

या पेशी निव्वळ सरस नाहीत, हे आता आपण जाणतो. त्यांपैकी ताऱ्याच्या आकाराच्या पेशी चेतापेशींच्या पोषणाला हातभार लावतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये वर्णन केलेल्या मायक्रोग्लिया पेशी मेंदूत पहारा देतात. जंतू किंवा मेलेल्या पेशी आढळल्या की त्या गिळून टाकतात.

ग्लिया किंवा त्यांच्या पूर्वज पेशी बेबंद वाढू लागल्या की होणाऱ्या कर्करोगाच्या गाठींना ग्लायोमा म्हणतात. त्यांतील सर्वांत घातक प्रकार ग्लायोब्लास्टोमा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिली, तेव्हा रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले. दोन वर्षांनंतरही सुमारे २६ टक्के रुग्ण हयात होते. एकाच रोगात हा फरक का पडतो?

वय, शस्त्रक्रियेत किती गाठ काढता आली आणि गाठीतील जनुकीय बदल ही कारणे आहेतच. पण गाठ म्हणजे केवळ कर्कपेशींचा गोळा नव्हे. ग्लायोब्लास्टोमामध्ये अनेकदा एकतृतीयांश किंवा त्याहूनही अधिक पेशी मायक्रोग्लिया आणि रक्तातून आलेल्या भक्षकपेशी असतात. हे पहारेकरी गाठ का गिळत नाहीत?

जखम झाली की भक्षकपेशी प्रथम जंतूंशी लढतात आणि नंतर दुरुस्तीला लागतात. दाह शमवणे, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणे, पेशींमधील जाळे सैल करणे ही दुरुस्तीची कामे होत. कर्कपेशी रासायनिक संदेश पाठवून भक्षकपेशींना याच कामाला जुंपतात. मग गाठीला रक्त मिळते, पसरायला वाट मिळते आणि प्रतिकारशक्ती थंडावते. अमेरिकन वैद्यक हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये गाठींना 'न भरणाऱ्या जखमा' म्हटले ते यासाठीच.

ग्लायोमाच्या गाठींत मेसेन्कायमल मूलपेशीही आढळतात. त्या स्रवत असलेले एक प्रथिन कर्कपेशींच्या वाढीला मदत करते. गाठीत या मूलपेशींचे प्रमाण अधिक असलेले रुग्ण कमी काळ जगले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.

येथे एक सावधगिरी हवी. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. शेजारी हे केवळ लक्षण असतील, तर त्यांना रोखून काही साधणार नाही. म्हणून प्रयोग करावा लागतो. २०१३ मध्ये उंदरांच्या ग्लायोमात भक्षकपेशींना मिळणारा एक संदेश औषधाने अडवला. भक्षकपेशी मेल्या नाहीत, पण त्यांचे वागणे बदलले. गाठी आकसल्या आणि उंदीर अधिक जगले. म्हणजे निदान उंदरांत तरी शेजारी हे कारणही होते.

माणसांत मात्र, गाठ पुन्हा उद्भवलेल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत याच जातीच्या औषधाचा लाभ दिसला नाही. तिचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी उंदरांवरील पुढच्या प्रयोगांत निम्म्याहून अधिक उंदरांच्या गाठी काही काळाने पुन्हा वाढल्या. भक्षकपेशींनी दुसरेच वाढघटक द्रव्य पुरवायला सुरुवात केली होती. ते द्रव्यही अडवले, तेव्हा उंदीर आणखी जगले. एक वाट बंद केली तर शेजारी दुसरी वाट काढतात, हे त्यातून कळले.

रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना विचारतात, "किती दिवस?" उत्तरात मिळणारा आकडा समूहाचा असतो, त्या एका माणसाचा नव्हे. प्रत्येकाच्या गाठीतील पेशींचा समाज वेगळा असतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हेच आजही मुख्य उपचार आहेत. मात्र नवे औषध शोधताना केवळ कर्कपेशींचा विचार करून भागणार नाही, एवढे या संशोधनाने दाखवले आहे.