वाऱ्याआधीचा अंधार

ऑकलंड, कॅलिफोर्निया

रायगडातल्या आपल्या गव्हाण गावात वादळ येते, फांदी तारेवर पडते आणि मग लाइट जाते. इथे उत्तर कॅलिफोर्नियात आभाळ निरभ्र असते, झाडाचे पानही हलत नसते, आणि वीज कंपनीचा निरोप मोबाइलवर येतो : परवा रात्री जोराचा वारा सुटेल, तुमच्या भागातला पुरवठा बंद ठेवावा लागण्याची शक्यता आहे. ऑक्टोबर लागला की डोंगराकडच्या वस्त्यांना हा निरोप कधीही येऊ शकतो. गावाकडून फोन आला की हमखास विचारणा होते, ‘अमेरिकेतही लोडशेडिंग?’ प्रश्न रास्त आहे. या वेळचे पत्र त्याच्याच उत्तरासाठी.

लोडशेडिंग होते ते वीज कमी पडते म्हणून. इथे वीज भरपूर असते. ती बंद करतात ती वणव्याच्या धास्तीने. जोराच्या वाऱ्यात तार तुटली, दोन तारा एकमेकींना घासल्या किंवा झाड तारेवर कोसळले, तर ठिणगी वाळक्या गवतात पडते. तारेत वीजच नसेल तर ठिणगी पडणार नाही, इतका सरळ हिशेब. याला इथे ‘पब्लिक सेफ्टी पॉवर शटऑफ’ म्हणतात आणि बोलताना नुसते ‘पीएसपीएस’.

ऑक्टोबरच का, हे समजायला इथले पाऊसपाणी उलटे आहे हे ध्यानात घ्यावे लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस आणि मार्च-एप्रिलमध्ये डोंगरांना वणवे. इथे पाऊस हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. फेब्रुवारीत टेकड्या हिरव्यागार असतात, मे महिन्यात गवत पिवळे पडते आणि पुढचे पाच-सहा महिने थेंब नाही. त्यामुळे ऑक्टोबरात रान सर्वांत जास्त वाळलेले असते, आणि नेमका तेव्हाच वारा दिशा बदलतो. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. इथला मतलई वारा शेकडो किलोमीटरवरून, नेवाडा-यूटाच्या वाळवंटी पठारावरून समुद्राकडे धावतो. डोंगर उतरताना हवा दाबली जाते, दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते आणि आधीच कोरडी असलेली ती हवा आणखी कोरडी होते. उत्तरेत या वाऱ्याला ‘डायब्लो’ म्हणतात, दक्षिणेत लॉस एंजेलिसकडे ‘सांता आना’. खिंडीतून तो सुटला की लाकडी घरांच्या वस्तीत निखारे एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उडत जातात. २० ऑक्टोबर १९९१ रोजी याच ऑकलंडच्या डोंगरात अशा वाऱ्यात भडकलेल्या आगीत २५ माणसे गेली आणि तीन हजारांच्या आसपास घरे जळाली.

राज्याच्या वीज नियामक आयोगाचे म्हणणे असे, की एकूण वणव्यांपैकी वीजतारांमुळे लागणारे दहा टक्क्यांहूनही कमी असतात. पण सर्वांत विध्वंसक वणव्यांतले जवळपास निम्मे मात्र तारांमुळे लागलेले असतात. याचे कारण उघड आहे. चुलीतली ठिणगी किंवा विडीचे थोटूक शांत दिवशीही आग लावू शकते. तार तुटते ती वाऱ्याच्या दिवशीच. म्हणजे आग लावणारा आणि आग पसरवणारा वारा एकच.

पुरवठा आधीच बंद करण्याची कल्पना प्रथम दक्षिणेत निघाली. २००७ च्या ऑक्टोबरात सान डिएगोजवळ तारांमुळे मोठा वणवा पेटला. त्यानंतर तिथल्या कंपनीने वाऱ्यात पुरवठा तोडण्याची परवानगी मागितली. आयोगाने २००९ मध्ये ती नाकारली, कारण वीज नसली तर पाण्याचे पंप, दवाखाने, फोन हे सगळे बंद पडते आणि त्याचाही जिवाला धोका असतो. २०१२ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली. २०१८ च्या जुलैत तेच नियम राज्यातल्या सर्व मोठ्या खासगी वीज कंपन्यांना लागू झाले.

त्याच वर्षी दिवाळी पाडव्याच्या दिवशी, ८ नोव्हेंबरच्या सकाळी, पॅराडाइज गाव जळाले. ब्यूट काउंटीतले, सिएरा नेवाडाच्या पायथ्याचे, सुमारे २६ हजार वस्तीचे हे गाव. काही मैलांवरच्या दरीत पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या उच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्यावर तार पेलणारा एक लोखंडी हुक झिजून तुटला. तो जवळपास शंभर वर्षांचा होता. तार मनोऱ्याला लागली, वितळलेला धातू खालच्या गवतात पडला. काही तासांत गाव संपले. ८५ माणसे मेली, १८ हजारांहून अधिक घरे-इमारती राख झाल्या. वाऱ्यामुळे पुरवठा बंद ठेवावा लागेल अशी सूचना कंपनीने आदल्या दिवसांत दिली होती, पण प्रत्यक्षात तो बंद केला नाही. आणि जी वाहिनी तुटली तिचा तेव्हाच्या योजनेत समावेशच नव्हता.

ही वाहिनी कशासाठी होती, ते गव्हाणकरांनी मुद्दाम वाचावे. फेदर नदीच्या दरीत पाण्यावर तयार होणारी वीज दूरच्या सान फ्रान्सिस्को परिसराला पुरवण्यासाठी ती १९२१ च्या सुमारास टाकली गेली. आपल्या तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात टाटांची खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही जलविद्युत केंद्रे उभी राहिली ती १९१५, १९२२ आणि १९२७ मध्ये, मुंबईच्या गिरण्यांसाठी आणि दिव्यांसाठी. काळ तोच, रचना तीच : पाणी आणि डोंगर खेड्याचे, उजेड शहराचा, मधल्या तारा खेड्यांच्या डोक्यावरून. वीज शहराकडे जाते आणि तार तुटण्याचा धोका वाटेवरच्या गावाला राहतो. नवी मुंबईसाठी जमिनी दिलेल्या आपल्या गावांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

ब्यूट काउंटीच्या सरकारी वकिलांनी कंपनीवर ठपका ठेवला की या जुन्या वाहिनीची तपासणी आणि दुरुस्ती तिने टाळली. दाव्यांच्या ओझ्याखाली कंपनीने २९ जानेवारी २०१९ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. १६ जून २०२० रोजी न्यायालयात आरोपपत्रातल्या ८४ मृतांची नावे एकेक करून वाचली गेली, पडद्यावर एकेकाचा फोटो येत गेला आणि कंपनीचे मुख्याधिकारी बिल जॉन्सन प्रत्येक नावाला ‘गिल्टी’ म्हणाले, ८४ वेळा. दंड झाला सुमारे ३५ लाख डॉलर, कायद्याने होऊ शकणारा सर्वांत मोठा. कंपनी गुन्हेगार ठरली, तुरुंगात कोणी गेले नाही.

पॅराडाइजनंतर कंपनीने धसका घेतला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तारेमुळे आग लागली तर, निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी, भरपाई कंपनीकडे येते. त्यामुळे ९ ऑक्टोबर २०१९ पासून सात लाखांहून अधिक जोडण्या टप्प्याटप्प्याने बंद झाल्या, म्हणजे वीस लाखांहून अधिक माणसे अंधारात. कंपनीची वेबसाइट कोलमडली आणि आपला पत्ता बंदच्या यादीत आहे का, हेही लोकांना कळेना. बर्कलीच्या विद्यापीठाने वर्ग बंद ठेवले. त्याच महिन्याच्या २६ तारखेपासून त्याहून मोठी फेरी आली, नऊ लाखांहून अधिक जोडण्यांची. रविवार, २७ ऑक्टोबर हा त्या वर्षी लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. डोंगराकडच्या मराठी घरांत त्या संध्याकाळी आकाशकंदिलात दिवा नव्हता, आणि अंगणात पणती लावायची तर तेवढी एक ज्योतही बाहेरच्या वाऱ्यात घातक. पूजा झाली ती घरात, दारे-खिडक्या बंद करून, बॅटरीच्या उजेडात.

लाइट नसणे म्हणजे इथे नेमके काय, हेही सांगायला हवे. डोंगरातली अनेक घरे विहिरीच्या पाण्यावर चालतात. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की नळ कोरडा, आणि आग आलीच तर ती विझवायलाही पाणी नाही. गॅरेजचे दार विजेवर उघडते. ते हाताने कसे उचलायचे हे म्हाताऱ्या माणसाला ठाऊक नसेल तर गाडी आत अडकते. मरिन काउंटीत २०१९ च्या त्या दिवसांत निम्म्याहून अधिक मोबाइल टॉवर बंद पडले. म्हणजे ज्या फोनवर ‘गाव सोडा’ असा इशारा येणार, तो फोनच मुका. मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांचे इन्शुलिन फ्रिजमध्ये असते, कुणाचे ऑक्सिजनचे यंत्र भिंतीच्या प्लगवर चालते. ज्याच्या घरी सौर पॅनल आणि मोठी बॅटरी आहे, त्याला दोन दिवस जड जात नाहीत. भाड्याच्या घरात राहून रोजावर काम करणाऱ्याचे अन्न नासते आणि मजुरीही बुडते. वणव्याचा धोका कमी होतो हे खरे, पण त्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत.

लोक चिडले. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी कंपनीला उघड फटकारले. असे अंधार कमी व्हायला दहा वर्षे लागतील, असे जॉन्सन यांनी आयोगासमोर सांगितले तेव्हा संताप आणखी वाढला. पुढे २०२१ मध्ये आयोगाने त्या शरदातल्या ढिसाळ कारभाराबद्दल कंपनीला १० कोटी ६० लाख डॉलरचा दंड केला. त्यातली बरीच रक्कम ग्राहकांच्या बिलांत आधीच वळती झाली होती.

या भांडणातून जी पद्धत घडली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुरवठा तोडायचा तो अंदाजपंचे नाही. हवेतला ओलावा साधारण तीस टक्क्यांहून कमी, वाऱ्याचा सलग वेग ताशी ३२ किलोमीटरच्या वर आणि झोत ५० ते ६५ किलोमीटरचे, गवत-झुडपे किती वाळली आहेत, हवामान खात्याचा लाल बावट्याचा इशारा आहे का, हे सगळे जुळवून निर्णय होतो. त्यासाठी कंपनीने खांबांवर हजाराहून अधिक हवामान केंद्रे बसवली. ग्राहकाला साधारण दोन दिवस आधी, मग एक दिवस आधी आणि शेवटी तोडण्यापूर्वी कळवतात. यंत्रावर जगणाऱ्या रुग्णांची यादी ठेवलेली असते. फोन उचलला गेला नाही तर माणूस दार वाजवायला येतो. पाणी, चार्जिंग, थंडीसाठी पांघरूण मिळेल अशी केंद्रे उघडतात. वारा ओसरला तरी लगेच बटण दाबत नाहीत. हेलिकॉप्टरने आणि पायी फिरून वाहिनी बघतात, तुटलेली तार आणि अडकलेली फांदी काढतात, मगच वीज सोडतात. प्रत्येक वेळी का तोडली, कितीजणांना त्रास झाला, किती मोडतोड सापडली, याचा अहवाल आयोगाला द्यावा लागतो आणि तो कोणीही वाचू शकतो. मोबाइल कंपन्यांनाही आगीच्या पट्ट्यातल्या टॉवरवर ७२ तासांची पर्यायी वीज ठेवण्याचा आदेश २०२० मध्ये निघाला.

पण पुरवठा तोडण्याची सोय असली म्हणून धोका संपत नाही, आणि सोयच नसेल तर तो आणखी मोठा. २३ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री सोनोमा काउंटीत गावच्या तारा बंद होत्या, मोठी पारेषण वाहिनी मात्र चालू होती. तिच्याच मनोऱ्यावरची तार तुटून किंकेड वणवा पेटला. ८ ऑगस्ट २०२३ ला हवाईमधले लाहैना जळाले आणि शंभरावर माणसे गेली. तिथल्या कंपनीकडे तेव्हा अशी योजनाच नव्हती, ती पुढच्या वर्षी आली. ७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीनात ईटन वणवा लागला, तेव्हाही परिसरातल्या काही तारा बंद होत्या आणि दरीतल्या मोठ्या पारेषण वाहिन्या चालू होत्या. बटण हाती असले तरी कोणती वाहिनी बंद ठेवायची हे ठरवण्यात चूक झाली, तर गाव जळतेच.

खरा इलाज तारांचा आहे. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकने २०२१ मध्ये १० हजार मैल, म्हणजे १६ हजार किलोमीटर, तारा जमिनीखाली नेण्याची घोषणा केली. त्याला मैलाला तीसेक लाख डॉलर लागतात. बाकी ठिकाणी तारांना वेष्टण घालतात, झाडे छाटतात, किंवा फांदी टेकताच सेकंदाच्या दहाव्या भागात वाहिनी बंद पडेल अशी यंत्रणा लावतात. हा सगळा पैसा बिलातून वसूल होतो. कंपनीचे घरगुती दर आज अमेरिकेच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहेत. शंभर वर्षे जी निगा राखली नाही, तिचे पैसे आजचा ग्राहक भरतो आहे.

हे सारे गव्हाणला कळवायचे कारण, आपल्याकडेही तार आणि आग यांचे नाते नवे नाही. लोंबकळणाऱ्या तारा घासून पश्चिम महाराष्ट्रात तोडणीला आलेला ऊस जळतो आणि कोकणात आंबा-काजूच्या बागा जळतात. ‘शॉर्टसर्किटने आग’ एवढी चार ओळींची बातमी येते आणि शेतकरी पंचनाम्यासाठी खेटे घालतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडातले हजारो खांब आडवे झाले आणि अनेक गावांना आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. वादळाच्या आधी खबरदारी म्हणून पुरवठा बंद करणे आपल्या किनाऱ्यालाही आता ओळखीचे झाले आहे. उन्हाळे तापत चालले आहेत आणि कर्नाळ्याच्या नि खारघरच्या डोंगरांखाली वस्ती वाढते आहे, विमानतळ आणि उलव्याच्या इमारतींबरोबर तारांचे जाळेही.

कॅलिफोर्नियाकडून अंधार उचलू नये, त्या अंधाराभोवती लोकांनी भांडून घालायला लावलेले नियम उचलावेत. महावितरणकडे मागायचे ते हे : पावसाळ्याआधी फांद्या तोडता, तशा होळीआधी डोंगरकडेच्या लोंबत्या तारा ताणून घ्या, खालचे गवत काढा. पुरवठा मुद्दाम बंद करणार असाल तर गावाला आधी आणि मराठीत कळवा. कोणत्या घरात ऑक्सिजनचे यंत्र आहे याची यादी ग्रामपंचायतीच्या नाहीतर महापालिकेच्या मदतीने करा. वादळानंतर वायरमनने वाहिनी चालत पाहिल्याशिवाय फीडर चालू करू नका. आणि तारेमुळे शेत जळाले तर त्याचा अहवाल उघड्यावर ठेवा. पॅराडाइजच्या लोकांना हे नियम मिळाले ते ८५ माणसे गेल्यावर. आपण ते त्याआधी मागू शकतो, आणि मागायला हवेत.